खीळ, आटे आणि स्टेपनी : न निघणाऱ्या चाकाचा खान्देशी इतिहास

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. जळगावचे उत्तरपत्रिकांचे काम आटोपून आम्ही दोघे सहकारी धुळ्याकडे परतत होतो. पारोळा मागे पडले, आणि मुकटीच्या अलीकडे मोटारीचे मागचे डावे चाक बसले. दुपारचे दोन वाजलेले. सावलीला एक निंब काय तो होता. मोटारीत स्टेपनी होती, जॅक होता, इंग्रजी एल अक्षरासारखा वाकलेला पाना होता. नव्हते ते एवढेच, की चारपैकी एकही नट जागचा हलत नव्हता. आम्ही आळीपाळीने जोर लावला, मग पान्यावर चढून उभे राहिलो. पाना सटकला, एका नटाचे कोपरे घासून गोल झाले, आणि व्याकरणाचा उलगडा करण्यात आयुष्य घालवणाऱ्या दोन माणसांना एका लोखंडी तुकड्याचा उलगडा होईना.

अर्ध्या तासाने केळी भरून सुरतेकडे निघालेला एक ट्रक थांबला. चालक खाली उतरला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : "हाई कोनी आवळेल शे, भाऊ?" हे कोणी आवळले आहे? पंक्चर कसे झाले, कुठे निघालात, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. आम्हांस आठवले, की महिन्यापूर्वीच एका दुकानात टायर बदलून घेतले होते आणि तेथील पोऱ्याने हवेच्या बंदुकीने, कर्रकर्र आवाज करीत, क्षणार्धात चारही नट बसवले होते. चालकाने मान हलवली. ट्रकमधून एक पोकळ पाइप आणून त्याने तो आमच्याच पान्यावर चढवला, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच तीन नट सोडवले, आणि चौथ्यापुढे मात्र हात टेकले. तो आमच्या हातून बिघडला होता. अखेर पारोळ्याहून मोटारसायकलीवर एक मिस्त्री आला, तेव्हा तो निघाला.

चालकाचा तो प्रश्न पुढे कित्येक दिवस आमच्या मनात राहिला. हा तर इतिहासकाराचा प्रश्न होता. न निघणारा नट आज अडलेला दिसतो. पण तो अडतो पूर्वी कधीतरी, कोणाच्या तरी हाताने. त्या हातांचा, आणि ते अडलेपण सोडवणाऱ्या हातांचा मागोवा घेता घेता आम्ही खान्देशच्या वाटांवर बरेच मागे गेलो. त्या मागोव्याचा हा गोषवारा.

*

एके काळी चाक काढणे ही अवघड गोष्ट नव्हती. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला आरपार भोक असे, त्यात लोखंडी खीळ घातलेली असे. खीळ उपसली, आस टेकणाने उचलून धरला, की चाक बाहेर येई. वंगण घालण्यासाठी ते वरचेवर काढावेच लागे. गाडीवानाची चिंता नेमकी उलटी होती : चाक वाटेतच निसटू नये ही. कैकेयीच्या वरांची जी कथा आपण लहानपणी ऐकली, तिच्या मुळाशी हीच चिंता आहे. वाल्मीकींची कैकेयी घायाळ दशरथाला रणातून दूर नेऊन वाचवते. आसाची खीळ गळून पडल्यावर त्या भोकात स्वतःचा हात घालणारी कैकेयी अध्यात्मरामायणात भेटते, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती हीच. ज्या समाजाने गाडीचे चाक निसटताना पाहिले आहे, त्यालाच ही कथा इतकी खरी वाटू शकते.

मराठीत मात्र 'खीळ बसणे' म्हणजे काम थांबणे. गाडीची खीळ तर चाक चालते ठेवी. एकाच शब्दात चालवणे आणि थांबवणे दोन्ही असावे, हा योगायोग पुढे मोटारीच्या चाकाने खरा करून दाखवला.

खान्देशात चाकाचे महत्त्व वाढत गेले ते एकोणिसाव्या शतकात. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, आणि पुढे मुंबई-आग्रा रस्ता याच गावावरून गेला. त्यापूर्वीचा मोठा व्यापार लमाण-चारणांच्या तांड्यांवर, म्हणजे बैलांच्या पाठीवर चाले. रस्ता झाला तशी पाठीवरची गोणी गाडीत आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने हिंदुस्थानी कापसाला भाव आणला, आणि खान्देशच्या काळ्या जमिनीतील कापूस गाड्या भरभरून निघू लागला. रेल्वे आल्यावरही खेड्यापासून स्थानकापर्यंतची वाट गाडीचीच राहिली. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खान्देश गॅझेटिअरमध्ये या रस्त्यांची आणि वाहतुकीची नोंद आहे. गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातील विद्येचा इतिहास मात्र वेगळा शोधावा लागतो.

ती विद्या लहान नव्हती. तुंबा, आरे, पुठ्ठे हे लाकडी भाग सुताराचे. त्यांवर चढणारी लोखंडी धाव लोहाराची. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवीत, गोवऱ्यांच्या जाळात लाल करीत. तापून ती मोठी झाली की चाकावर बसवून लगेच पाणी ओतीत. निवताना ती आक्रसे आणि सारे चाक आवळून धरी. खान्देशच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आत जाई, धाव खुळखुळू लागे. मग चाके डोहात बुडवून ठेवीत, म्हणजे लाकूड फुगून पुन्हा घट्ट होई. तापल्याने लोखंड वाढते आणि निवल्याने आवळते, हे ज्ञान पुस्तकाच्या कितीतरी आधी या गावांत होते. ते पुढे पुन्हा उपयोगी पडायचे होते.

*

मोटार आली तेव्हा तिचे चाक काढता येतच नसे, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. आरंभीच्या मोटारींची लाकडी आऱ्यांची चाके आसावर कायमची बसवलेली असत. पंक्चर झाले की रस्त्यावरच टायर कडेपासून उचकटायचा, ट्यूब काढायची, सांधायची, पुन्हा भरायची. या छळावर वेल्समधील लनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये तोडगा काढला. आरे नसलेली एक लोखंडी कड, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून चिमट्यांनी अडकवायची आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून या जादा चाकाला 'स्टेपनी' हे नाव पडले.

म्हणजे मूळची स्टेपनी ही चाक काढावे लागू नये म्हणून निघालेली युक्ती होती! १९०८ च्या सुमारास सुटी होणारी चाके बाजारात आली. इंग्लंडमधील सँकी कंपनीचे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे चाक त्यांपैकीच. पंक्चर झालेले चाकच उतरवून दुसरे चढवायचे, ही रीत रुळली आणि अडकवायच्या स्टेपनीची गरज संपली. वस्तू गेली, तिचे नाव राहिले, तेही तिच्या जन्मगावापासून दूर : माल्टामध्ये, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'एस्टेपे' म्हणून, आणि आपल्याकडे धुळ्या-जळगावच्या गॅरेजांत. शब्दाने पुढे माणसांनाही गाठले. नियमित जागेच्या आशेवर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना "आम्ही काय, स्टेपनी!" असे हसत म्हणताना आम्ही ऐकले आहे. त्या हसण्यामागचे काय ते आमच्या व्यवसायातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

सुट्या चाकाबरोबर आले आटे. मराठीत स्क्रूला 'मळसूत्र' असा जुना शब्द आहे. गॅरेजात त्याचा 'इस्क्रू' होतो, आणि त्यावरील वळणांना सगळे 'आटे' म्हणतात. काही मोटारींत तुंब्यातून बाहेर आलेल्या दांड्यांवर नट बसतो, काहींत बोल्टच तुंब्यात शिरतो. बोलीत दोहोंना 'चाकाचे बोल्ट' म्हणून भागते. खीळ अडकून राहते. आट्यांचा बोल्ट मात्र ताणला जातो. आवळताना तो किंचित लांबतो, आणि मूळ लांबीवर परतण्याच्या त्याच्या ओढीनेच चाक तुंब्याशी घट्ट धरले जाते. चाक न निसटण्याची हमी या ताणातून मिळते, आणि न निघण्याचा शापही त्याच ताणातून.

*

आट्यांना इतिहास आहे आणि त्यात साम्राज्येही आहेत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाणित आटे सुचवले. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेना. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना याचा इतका जाच झाला, की युद्धानंतर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांना सामाईक आटे ठरवावे लागले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली, पण लष्कराच्या जुन्या गाड्या, इंग्रजी धाटणीच्या मोटारी आणि नव्या मापांची वाहने बराच काळ एकाच गॅरेजच्या दारात उभी राहिली.

मिस्त्रीने यावर आपली मोजणी टिकवली होती. तो इंचाचे आठ भाग करतो आणि एकेका भागाला 'सूत' म्हणतो. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, मिलिमीटरमध्ये १९.०५, म्हणून १९ चा नट सहा सुतांच्या पान्याने बिनदिक्कत निघतो. परंतु साडेसहा सूत म्हणजे २०.६४ मिलिमीटर. त्या नटावर २१ चा पाना चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर येताच कोपरे खाऊन टाकतो. दोन मापनपद्धतींमधील हा सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर रस्त्यावर माणसाला तास दोन तास बसवून ठेवू शकतो.

दुसरी अडचण दिशेची. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नये, या समजाने पूर्वीच्या अनेक वाहनांच्या डाव्या चाकांना उलटे आटे देत. युद्धकाळातील विलीज जीपला ते होते. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने ते १९७० च्या आसपासपर्यंत वापरले. अशा बोल्टवर बहुधा इंग्रजी एल अक्षर कोरलेले असते. ज्याला ते ठाऊक नाही तो सोडवण्याच्या समजुतीने आवळतच जातो आणि शेवटी बोल्ट मोडून हातात घेतो. पुढे शंकूच्या आकाराच्या बैठकीचे नट रूढ झाले, चांगली पकड मिळू लागली, आणि उलटे आटे मोटारींतून गेले. जुनी जीप समोर आली की मात्र जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी अक्षर पाहतो. वाचनाचे महत्त्व आम्ही वर्गात सांगतो. ते असे कोठे कोठे असते.

*

आता प्रत्यक्ष सोडवण्याकडे वळू. १९४८ मध्ये महाराष्ट्रात एसटी धावू लागली. तिच्या आगारांत, दोन महामार्गांच्या तिठ्यावरील धुळ्याच्या गॅरेजांत आणि जळगावच्या ट्रकांच्या अड्ड्यांवर ही विद्या हातोहात दिली गेली. तिचे व्याकरण पक्के आहे.

पहिला नियम : नट सैल करायचा तो चाक जमिनीवर असताना, हातब्रेक ओढून, दुसऱ्या चाकांना दगड लावून. आधी जॅक लावला तर चाकच फिरते, आणि जोर वाढवला तर गाडी जॅकवरून घसरते. दुसरा नियम : जोर वाढवण्यापेक्षा लांबी वाढवावी. लहान मोटारीच्या नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर ४० किलोचा भार दिला तर सुमारे ९८ मिळतो. तोच भार एक मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकावर दिला तर सुमारे ३९२. आमच्या ट्रकचालकाने केले ते हेच. पान्यावर उड्या मारण्याने जे होते तेही आम्ही अनुभवले. पाना नटावर पूर्ण बसलेला आणि सरळ हवा, पाइप हळूहळू दाबायला हवा, आणि पाना सटकलाच तर आपले तोंड त्याच्या वाटेत नको.

गंजाची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात चिखल आट्यांत शिरतो, उन्हाळ्यात वाळतो, आणि लोखंड लोखंडाला धरते. तेथे धीर लागतो. गंजावरचे पातळ तेल, ते नसेल तर रॉकेल, आट्यांत सोडून थांबायचे. नटाच्या माथ्यावर हातोडीचे बेताचे ठोके द्यायचे. मग सोडवण्यापूर्वी तो केसभर आवळून पाहायचा. आवळण्याच्या त्या हिसक्याने गंजाची पकड तुटते आणि नट उलटा यायला राजी होतो. कोपरे गेलेल्या नटावर मिस्त्री किंचित लहान मापाचा गोटी पाना हातोडीने ठोकून बसवतो. पारोळ्याच्या मिस्त्रीने आमचा चौथा नट असाच काढला. तेही न जमले तर गॅरेजात नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडतात, किंवा गॅसच्या ज्योतीने नट तापवून फुगवतात. लोहाराची धाव येथे पुन्हा भेटते : तेथे लोखंड तापवून आवळण्यासाठी, येथे तापवून सोडवण्यासाठी. मात्र हे काम टायर उतरवलेला नसताना, रस्त्यावर, कोणीही करू नये. हवा भरलेल्या टायरची कड तापली तर तो फुटून जीव घेऊ शकतो.

नट निघाले तरी कधी चाक तुंब्याला चिकटून राहते, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमचे चाक आणि लोखंडी तुंबा यांच्यामध्ये गंज धरला तर. मग टायरच्या कडेवर तळव्याने वा लाकडाच्या ठोकळ्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकायचे. गाडीखाली शिरायचे मात्र नाही.

या साऱ्या नियमांच्या तळाशी चालकाचा तोच प्रश्न आहे. गंज हा काळाचा दोष. पण आज रस्त्यावर अडवणारे बरेच नट माणसाने अडवलेले असतात. हवेची बंदूक क्षणात काम करते, पण पीळ किती झाला हे तिच्या घाईत हाताला कळत नाही. ती लावणारा पोऱ्या दिवसाला कित्येक चाके बसवतो; त्याने आवळलेला नट तीनशे न्यूटन-मीटरने अडलेला आहे, हे त्याला कळणार नसते, कारण त्या नटाशी झुंजायला तो तेथे नसतो. सैल राहिलेला नट तर त्याहून भयंकर. म्हणून जाणते मिस्त्री बंदुकीने नट केवळ टेकवतात, शेवटचा पीळ हाताने देतात, समोरासमोरचे नट जोडीने आवळतात, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहायला सांगतात. पुढच्या माणसाचा विचार करून आवळणे, एवढाच त्याचा अर्थ.

*

आम्ही भाषेचे विद्यार्थी असल्याने शेवटी शब्दांकडे येणे भाग आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच गावी आहे. दप्तरांइतकाच शब्दांनाही पुरावा मानणारा, व्युत्पत्तीच्या वाटेने समाजाच्या इतिहासात शिरणारा हा माणूस. त्याच गावाच्या महामार्गालगत गोटी पाना, रिंग पाना, टॉमी, सूत, वायसर, उलटे आटे, स्टेपनी हे शब्द रोज उच्चारले जातात. इंग्रजी कारखान्यातील टॉमी बार आपल्या ट्रकमध्ये येऊन नुसती 'टॉमी' झाली, आणि आज ती आपल्याला भेटते ती बहुधा वर्तमानपत्रांतील मारहाणीच्या बातम्यांत! या शब्दांना आम्ही वर्गात कधी जागा दिली नाही. अशुद्ध, मिसळलेले म्हणून दाराबाहेर ठेवले. त्या दुपारी पान्यावर उभे राहिलेले आम्ही दोघे त्या दाराबाहेरच उभे होतो.

आणि वेळ फार नाही. ट्यूब नसलेले टायर सर्रास झाले. २०२० च्या नियमदुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना, टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असल्यास, जादा चाक ठेवण्यातून सूट मिळाली. स्टेपनी ही वस्तू दुसऱ्यांदा जाण्याच्या बेतात आहे. पहिल्यांदा गेली तेव्हा शब्द मागे राहिला होता. या वेळी तो राहील का, आणि राहिला तर कोणाला चिकटून, हे आम्हांस सांगता येत नाही.

तूर्त आम्ही एवढे करतो. टायरचे कोणतेही काम झाले, की घरी अंगणात आल्यावर गाडीच्या स्वतःच्या पान्याने चारही नट एकेक करून सोडवून पाहतो आणि हाताने पुन्हा आवळतो. शेजारी हसतात. आणि गॅरेजात बसावे लागले तर आता वर्तमानपत्र वाचत बसत नाही. मिस्त्री पोऱ्याला कोणते अवजार कोणत्या नावाने मागतो ते वहीत टिपून घेतो. आमच्या वहीत आतापर्यंत त्रेसष्ट शब्द झाले आहेत. वाचकांनी आपापल्या गावच्या गॅरेजातील शब्द असेच टिपून ठेवावेत, ही विनंती.